साताऱ्यात ग्रॅव्हल सायकलची वाट मातीवरून ठरवावी

आपण नवीन ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, घेतली आहे, नोव्हेंबरात पुण्याहून दोन दिवसांसाठी येणार आहात आणि सातारा-सांगली भागात नदीखोऱ्यांतून व डोंगरांतून जाणाऱ्या कच्च्या वाटा कोणत्या, असे आपण विचारले आहे. मी साताऱ्यात राहतो आणि काही वर्षांपासून याच वाटांवर सायकल चालवतो. नकाशावर एक रेघ ओढून ती आपल्याला पाठवणे सोपे होते. पण इथे तीच रेघ जानेवारीत मैदानासारखी असते आणि ऑक्टोबरात तिच्यावरून सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. म्हणून मी मार्ग आधी मातीवरून ठरवतो आणि गावांची नावे नंतर पाहतो.

इथे चाकाखाली मुख्यतः तीन प्रकारची जमीन येते. नदीकाठची काळी माती, डोंगरउतारावरचा मुरूम आणि पठारांच्या माथ्यावरचा जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा असल्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथे सपाट आहेत. या सपाट माथ्याला आमच्याकडे सडा म्हणतात. कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी या नद्या डोंगराच्या लांब सोंडांमधून वाहत येतात. त्यामुळे एकाच खोऱ्यात राहिलात तर दिवसभर फारसा चढ लागत नाही, पण शेजारच्या खोऱ्यात जायचे म्हटले की खिंड चढावी लागते. साताऱ्यातून सज्जनगडाकडे निघताना ज्या बोगद्यातून जावे लागते, तो वेण्णेच्या आणि उरमोडीच्या खोऱ्यांमधल्या सोंडेतूनच खोदलेला आहे. त्या एका बोगद्याने सायकलस्वाराचा केवढा चढ वाचतो, हे तिथून डोंगराकडे मान वर करून पाहिल्यावर कळते.

प्रथम काळ्या मातीविषयी, कारण नवखा माणूस फसतो तो इथेच. सातारा रेल्वे स्थानक शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे आणि सायकल घेऊन येणाऱ्याला ते सोयीचेच पडते, कारण गाडीतून उतरल्यावर थोड्याच वेळात आपण कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पोहोचतो. तिथली जुनी देवळे आणि घाट पाहून नदीच्या उलट्या दिशेने, म्हणजे वडूथ, लिंब, भुईंज असे करत वाईकडे जाता येते. मधल्या शिवारांतून पाणंद रस्ते आहेत, दोन्ही बाजूंना ऊस असतो आणि वळसे धरून पन्नासेक किलोमीटर होतात. लिंबजवळची बारा मोटांची विहीर मात्र चुकवू नका. 1719 ते 1724 या काळात बांधलेली ही दगडी विहीर सुमारे 110 फूट खोल आहे आणि तिच्या पोटात महाल आहे. दुपारच्या उन्हात तिथला गारवा सोडून निघणे जिवावर येते.

याच पट्ट्यात एका ऑक्टोबरात, परतीचा पाऊस पडून दोनच दिवस झाले असताना, मी एका पाणंदीत शिरलो. पहिल्या शंभर मीटरमध्ये टायर दुप्पट जाड झाले आणि पुढच्या पन्नास मीटरमध्ये चिखल चाक आणि ते धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) मध्ये असा बसला की चाक फिरेनासे झाले. बांधावर बसलेले एक आजोबा बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "पावनं, फुडं वगळ हाय, उचलूनच न्याय लागंल." वगळ म्हणजे ओघळ, आणि तो कंबरेएवढा खोल होता. तेव्हापासून माझा नेम असा की, शेवटच्या पावसानंतर निदान दहा दिवस कोरडे गेल्याशिवाय नदीकाठच्या पाणंदीत पाऊल टाकायचे नाही आणि त्याआधी यायचेच असेल तर कालवा धरायचा.

कालव्याचा रस्ता, ज्याला गावात नुसते कॅनॉल म्हणतात, हा माझ्या मते इथला सर्वांत कमी वापरला जाणारा उत्तम मार्ग आहे. कालव्याला पाणी वाहण्यापुरताच उतार द्यायचा असल्यामुळे तो डोंगराच्या कडेकडेने समपातळीवर वळणे घेत जातो, आणि त्याच्या काठची देखभालीची वाटही तशीच जाते. तिच्यावर मुरूम दाबलेला असल्याने ती लवकर सुकते. धोम आणि कण्हेर या दोन्ही धरणांच्या कालव्यांवर अशा वाटा आहेत. काही ठिकाणी फाटक लावलेले असते, काही ठिकाणी काठ ढासळलेला असतो. फाटक बंद असेल तर वाद न घालता खालच्या गावातून वळसा घ्यावा, कारण ती वाट सायकलस्वारांसाठी बांधलेली नाही. पाणी सोडलेले असेल तेव्हा काठापासून अंतर राखून चालवावे, कारण अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला बाहेर येणे अवघड जाते.

मुरमाच्या वाटा खऱ्या ग्रॅव्हलच्या. त्या वेण्णेच्या खोऱ्यात कण्हेर जलाशयापासून मेढ्यापर्यंत डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांकडे फुटतात आणि कोरेगावच्या बाजूला जरंडेश्वराच्या डोंगराच्या व चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी भरपूर आहेत. नोव्हेंबरात मुरूम पावसाने दबून बसलेला असतो, धूळ अजून सुटलेली नसते आणि उतारावर गवत सोनेरी होत आलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये त्याच वाटेवर सुटे खडे वर येतात आणि वळणावर पुढचे चाक घसरते. वाड्यांचे रस्ते वर्षागणिक डांबरी होत आहेत, आणि ज्या माणसाला आजारी आईला खाली दवाखान्यात न्यायचे असते त्याच्यासाठी ते चांगलेच आहे. म्हणून जुन्या नकाशात कच्ची दिसणारी वाट पक्की निघाली तर हळहळू नये.

वाईच्या वर धोम जलाशयाच्या काठाने जोर या गावाकडे जाणारा रस्ता बराचसा डांबरी आहे, तरीही मी तो सुचवतो. समोर कृष्णा आणि वाळकी या नद्यांमधल्या डोंगरावर कमळगड किल्ला उभा असतो आणि जसजसे आत जावे तसतशा दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येतात. उन्हाळ्याकडे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या वाटा थेट पाण्यापर्यंत जातात. त्या वाटांसाठी फेब्रुवारीनंतर यावे लागेल. नोव्हेंबरात धरण भरलेले असते.

सड्यावर जायचे तर ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीला जावे. सातारा शहरापेक्षा हे पठार चार-साडेचारशे मीटर उंच आहे आणि त्यावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. पवनचक्कीचे लांबलचक पाते ट्रेलरवरून न्यायचे म्हणजे रस्ता रुंद आणि वळणे मोठी हवीत, म्हणून पवनचक्क्यांपर्यंत जाणारे कच्चे रस्ते सायकलला फारच सुखाचे झाले आहेत. कुठे पहारेकरी हटकतो. दोन शब्द नीट बोलल्यावर तो बहुधा चहाचेही विचारतो. मात्र जांभा पावसाळ्यात शेवाळाने साबणासारखा निसरडा होतो, आणि धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर इथे डांबर सोडू नये. कास पठार हाही सडाच आहे, पण तिथे मी रस्ता सोडून सायकल कधीच नेत नाही. त्या जांभ्यावर बोटभर मातीत जी फुले येतात त्यांच्यासाठीच ते 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, आणि तिथल्या मातीवर उमटलेला टायरचा चर लवकर भरून येत नाही. कासवरून बामणोलीला उतरणारा रस्ता सुंदर आहे. तो शिवसागर जलाशयाशी थांबतो आणि आपणही तिथेच थांबावे. पलीकडे कोयना अभयारण्य आहे, जे 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि तिथे परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. या बाजूला संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, तेव्हा उजेड असतानाच परत फिरावे.

सांगलीविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझे तिथले फिरणे कमी आहे. वाळवा-पलूसच्या बागायती पट्ट्यात काळी माती आणि काही ठिकाणी क्षारपड जमीन असल्यामुळे मला ती वाट आवडत नाही. देवराष्ट्रेच्या सागरेश्वर अभयारण्याभोवतीचे कडेगावकडचे माळ मात्र मुरमाचे आणि मोकळे आहेत, आणि जत-आटपाडीकडे तर मैलोन्मैल कोरडी वाट आहे. फक्त पाणी बरोबर हवे.

सायकलच्या तयारीत टायरकडे सर्वांत आधी पाहावे. मी 45 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर वापरतो आणि माझ्या 65 किलो वजनाला 30 ते 35 पीएसआय हवा ठेवतो. बाभळीच्या काट्याचे भोक सीलंटने, म्हणजे टायरच्या आत ओतलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाने, भरून निघते, पण काळ्या पाषाणाच्या खडीची धार टायरची बाजू चिरते आणि तिथे सीलंट हतबल होते. एकदा चिरलेल्या टायरमध्ये आतून जुन्या टायरचा तुकडा लावून मी पाचवडपासून घरी आलो, तेव्हापासून तो तुकडा पिशवीतच असतो. खिंडीच्या चढासाठी सर्वांत हलका गिअर एकास एक किंवा त्याहून कमी असावा, म्हणजे पुढच्या चक्राचे दाते मागच्याइतके किंवा त्याहून कमी. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झालेली असते. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागचे काही ऐकू येत नाही, आणि वाटेवर पडलेले पाचट खड्डे झाकते व गिअरमध्ये गुंतते, ते वेळीच काढावे.

आपल्या दोन दिवसांसाठी मी असे सुचवीन. पहिल्या दिवशी माहुलीहून लिंबमार्गे वाई. आधीच्या दहा दिवसांत पाऊस झाला असेल तर पाणंद सोडून कालवा धरावा, आणि भुईंजच्या आसपास महामार्ग फक्त पुलाखालूनच ओलांडावा. मुक्काम वाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी वाईजवळच्या मेणवलीचा नदीकाठचा घाट पाहून जोरच्या रस्त्याने जमेल तितके आत जाऊन परत फिरावे, आणि दुपारनंतर पाचवडमार्गे साताऱ्याला यावे. चाळकेवाडी या खेपेला ठेवू नये, कारण लिंबच्या विहिरीत आपला तास तरी जाणारच. निघण्याच्या आदल्या दिवशी इथे विचारलेत तर त्या आठवड्यात पाऊस कुठे पडला ते सांगेन.