पिल्लाची पावती आणि त्यावरचे पोपट

प्रश्न : पिंपरीतल्या पेट शॉपमधून २२,००० रुपयांना लॅब्राडॉरचं पिल्लू घेतलं. दुसऱ्याच दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी तपासून पार्व्हो (पिल्लांना होणारा विषाणूजन्य आजार) सांगितला, पाचव्या दिवशी ते गेलं. त्यांच्या मते ते जेमतेम सहा आठवड्यांचं होतं. दुकानदार पावती दाखवतो : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' त्याच पावतीवर मुलीसाठी घेतलेल्या पोपटाच्या जोडीचे १,८०० रुपयेही आहेत. पैसे मिळतील का?

उत्तर : पिल्लाचे मिळू शकतात. पोपटांचे विसरा, आणि आधी त्यांचंच बघा.

ते आपले नेहमीचे हिरवे, लाल चोचीचे पोपट असतील, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते विकणं गुन्हा आहे आणि घरात ठेवणंही. (लव्हबर्ड असते तर हा प्रश्न नव्हता.) ग्राहक आयोगात तुम्ही जी पावती पुरावा म्हणून लावणार, तीच तुमच्याविरुद्धही बोलेल. म्हणून पोपटांची ओळ झाकून झेरॉक्स काढायचा मोह होईल, तो आवरा. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, पोपट स्वतःहून सुपूर्द करा आणि तशी लेखी पोच घ्या. जाण्याआधी पोपट सुपूर्द करण्याचा अर्ज स्थानिक वकिलाला दाखवून घ्या. पोपट गच्चीवरून परस्पर सोडून देऊ नका. दुकानातल्या पोपटांचे पंख बहुधा कापलेले असतात.

आता पिल्लू. कायद्याच्या लेखी ते 'माल'च. ऐकायला बरं वाटत नाही, पण इथे ते तुमच्या सोयीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर छापलेल्या ओळीने दुकानदार त्यातून सुटत नाही. पार्व्होची लक्षणं साधारणपणे लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांनी दिसतात. तुमच्याकडे ती दुसऱ्याच दिवशी दिसली, म्हणजे आजार दुकानातूनच आला असावा. डॉक्टरांकडून हे लेखी घ्या, चाचणीचा रिपोर्ट आणि वयाबद्दलचं मतही. तुमची केस यावरच उभी राहील.

वयाचं महत्त्व वेगळं आहे. श्वान प्रजनन व विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. शिवाय २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. तिथे ते दिसलं होतं का, आठवून पाहा. नसेल तर मंडळाकडे वेगळी तक्रार करा. १९६० च्या ज्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली हे नियम झाले, त्यात नियमभंगाला दंड जास्तीत जास्त १०० रुपये आहे, तीन महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. शंभराच्या नोटेला कुठला दुकानदार घाबरणार? नोंदणी जाण्याला मात्र घाबरतो.

आधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : पिल्लाची किंमत, उपचारांचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई, १५ दिवसांत. दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. मागणीच्या रकमेतून ते १,८०० रुपये मात्र वगळा. बेकायदा खरेदीचे पैसे कोणताही आयोग परत मिळवून देणार नाही.