रविवारी न दुखणारे पोट

सप्रेम नमस्कार,

तुमची ८ वर्षांची मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर दोन महिने रोज व्हॅन येण्याच्या सुमारास पोट धरून रडते, बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीत काही निघाले नाही, रविवारी पोट मुळीच दुखत नाही आणि म्हणून सासूबाई ‘नाटके आहेत’ म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. ही नाटके नव्हेत. मूल घाबरले की पोटात खरोखरच मुरडा येतो. ‘आई, तू घरीच असशील ना?’ हा तिचा रोजचा प्रश्न पाहता, तिला शाळेपेक्षा तुमच्यापासून दूर जाण्याचीच भीती वाटत असावी. थोडी भीती सर्वच मुलांना वाटते. मात्र ती ४ आठवडे किंवा त्याहून अधिक टिकून शाळा-झोपेच्या आड येऊ लागली, तर तिला विकार मानून उपचार करतात. पत्रावरून निदान होत नाही, त्यासाठी बालमानसोपचारतज्ज्ञांनाच भेटावे लागेल.

तोवर तिला घरी ठेवणे थांबवा. नऊ वाजेपर्यंत ती खडखडीत बरी होते, तुम्हालाही हायसे वाटते, आणि घोडे नेमके इथेच पेंड खाते. कारण आईविना शाळेचा दिवस नीट पार पडतो, हे अनुभवण्याची संधीच तिला मिळत नाही. वर्गशिक्षिकांशी बोलून आधी दोन तास, मग मधल्या सुटीपर्यंत, मग पूर्ण दिवस असे वाढवत न्या. निरोप आटोपशीर घ्या. ‘काही होणार नाही हं’ असे दहादा ऐकले की काहीतरी होणार असावे, असाच अर्थ मूल काढते.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे, की वर्षभर तुम्हाला पहाटे तीनला जाग येते, खांदे आखडलेले असतात आणि यजमानांनी फोन उचलला नाही की अपघातच डोळ्यांसमोर येतो. मला ही ओळ मुलीच्या पोटदुखीइतकीच महत्त्वाची वाटते. ६ महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी अशी काळजी हे सार्वत्रिक चिंताविकाराचे लक्षण असू शकते. थायरॉईडही तपासून घ्या, कारण त्याच्या अतिस्रावानेही अशी बेचैनी होते. विचार आणि वर्तन बदलण्यास शिकवणारी सीबीटी ही उपचारपद्धती दोघींनाही उपयोगी पडू शकते; तुम्हाला गोळ्या दिल्या, तर गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात.

तुमच्यामुळे मुलगी अशी झाली, हा दोष स्वतःकडे घेऊ नका. आनुवंशिकता, स्वभाव आणि परिस्थिती यांचा वाटा कुणालाच वेगळा काढून दाखवता येत नाही. जवळ तज्ज्ञ नसल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मुलीसाठी वेळ घ्याल, तेव्हा स्वतःसाठीही घ्या.