घरच्या रेसिंग रिगचं डिझाइन: आधी ब्रेक, मग स्टिअरिंग

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकला. लॉजिटेकचा जी२९ (रेसिंग गेमचं स्टिअरिंग आणि पेडल) टेबलाला क्लॅम्प करून खेळतो, पण ब्रेक जोरात दाबला की चाकांची खुर्ची मागे पळते आणि पेडल पुढे सरकतात. अॅल्युमिनियम प्रोफाइलचा (खाचा असलेल्या पट्ट्यांचा) रिग, म्हणजे सीट, पेडल आणि स्टिअरिंग बसवायची फ्रेम, घरी बनवायचा आहे, वर्षभरात डायरेक्ट ड्राइव्ह (ज्यात स्टिअरिंग थेट मोटरवर बसतं) पण घेईन. ४० बाय ४० मिमी पुरेल का ४० बाय ८० घेऊ? आणि डिझाइनची सुरुवात कुठून करू?

उत्तर: अरे, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. खुर्ची मागे, पेडल पुढे, म्हणजे खरा जोर पायाचा. बहुतेक जण आधी स्टिअरिंगचा स्टँड डिझाइन करतात आणि पेडल उरलेल्या तुकड्यांवर बसवतात, आणि मग महिन्याभरात सगळं परत खोलतात. जी२९ ची मोटर सव्वादोन न्यूटन-मीटरच्या आसपास, सुरुवातीचे डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मोझा आर५ किंवा फनाटेक सीएसएल डीडी हे पाच-साडेपाच न्यूटन-मीटरचे. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला अर्धा किलो टांगल्यासारखं. पण उद्या लोड सेलचा ब्रेक घेतलास तर तो पेडल किती खाली गेलं ते मोजत नाही, दाब किती आला ते मोजतो, आणि तिथं पाय ४०-५० किलोचा जोर सहज लावतो, तोही प्रत्येक वळणाला. त्यामुळे सीट ते पेडल हा भाग सगळ्यात दणकट पाहिजे, बाकीचं त्याच्या मागून.

सुरुवात कागदावर पण करू नकोस, जमिनीवर कर. घरच्या किंवा मित्राच्या गाडीत तुला हवं तसं बस, पाठ सीटला पूर्ण टेकव, ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे, आणि खांदा न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. आता टेपनं मोज: सीटच्या बुडापासून पेडलपर्यंत, जमिनीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत, छातीपासून स्टिअरिंगपर्यंत. घरी येऊन विटा, पाट, जुना प्लायवूड जे मिळेल ते रचून त्याच मापात अर्धा तास खेळून बघ. पाठ दुखली तर वीट सरकवायला पैसे लागत नाहीत. ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना आहे, प्लीज टाळू नकोस.

सीटसाठी भंगारातली कारची सीट मस्त, रेल सकट मिळाली तर पुढेमागे करायची सोय आयतीच होते. फक्त पाठीच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती सीट घेऊ नकोस, आत स्फोटक भरलेलं असतं. सीट हातात आल्यावर तिच्या बोल्टमधलं अंतर मोज आणि मगच रिगची रुंदी ठरव, आधी नाही.

आता प्रोफाइल. फूटपट्टी आडवी धरली तर सहज वाकते आणि उभी धरली तर वाकत नाही, तेच इथं. उंची ४० वरून ८० केली की लवणं साधारण सहा-सात पटीनं कमी होतं आणि वजन फक्त दुप्पट. म्हणून खालच्या दोन लांब पट्ट्या आणि स्टिअरिंगचे दोन उभे खांब ४० बाय ८०, आणि पट्ट्यांची ८० ची बाजू उभी. खांबांची ८० ची बाजू तुझ्या पुढे-मागे अशी ठेव, कारण आपण जोशात स्टिअरिंग धरून स्वतःला ओढतो तेव्हा खांब त्याच दिशेनं लवतात. गिअरचा स्टँड, कीबोर्डचा हात, असल्या गोष्टींना ४० बाय ४० भरपूर. पेडलच्या खाली मात्र कंजूसी नको, तिथं ४० बाय ८० चे दोन आडवे तुकडे आणि मागून तिरका आधार दे. सुरुवातीला खालची पट्टी १३०० मिमी आणि आतली रुंदी ५०० मिमी धरून चित्र काढ, मग विटांच्या मापावरून बदल.

ऑर्डर देताना एक गोष्ट नक्की विचार, प्रोफाइलची खाच ८ मिमीची आहे का १० ची. ४० च्या प्रोफाइलमध्ये दोन्ही प्रकार येतात आणि एकाचे टी-नट (खाचेत सरकवून बसवायचे नट) दुसऱ्यात नीट बसत नाहीत. मी एकदा प्रोफाइल एका ठिकाणून आणि नट दुसऱ्या ठिकाणून घेतले, शंभर नट तसेच पडून राहिले, तेव्हापासून सगळं एकाच दुकानातून घेतो. अंबड-सातपूरला मशीन बनवणाऱ्यांना हे प्रोफाइल पुरवणारे आहेत, मापाप्रमाणे कापून देतात, तिथंच कापून घे. घरी ग्राइंडरनं कापलेलं टोक काटकोनात येत नाही आणि मग अख्ख्या फ्रेममध्ये पीळ बसतो. जोडताना सगळे बोल्ट आधी सैल ठेव, दोन्ही कर्ण टेपनं मोज, सारखे आले की मग कस. एम८ चे बोल्ट आणि कोपऱ्याला दोन-दोन ब्रॅकेट, एक नाही.

प्रश्न: रिग तयार आहे पण गेममधली गाडी कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) गेली की मॉनिटर हलतो, डोळे दुखतात. काय मजबूत करू? (चिंचवड)

उत्तर: मॉनिटर रिगलाच बसवलाय असं दिसतंय. मजबूत करण्यापेक्षा तो सुटा करा, वेगळ्या स्टँडवर, रिगला कुठंही न टेकता. जमल्यास स्टिअरिंगच्या बेसच्या (मोटरच्या डब्याच्या) लगेच मागे आणा. २७ इंची स्क्रीन डोळ्यापासून ७० सेमीवर असेल तर खरं दिसणारं आडवं दृश्य ४६ अंशांच्या जवळपास असतं, गेममध्ये तेवढंच सेट केलं तर वळणाचा अंदाज बरोबर यायला लागतो. पहिले दोन दिवस खूप झूम केल्यासारखं वाटेल, सोडू नका.

प्रश्न: ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, खालच्या काकूंची तक्रार आली आहे, रात्री ब्रेकचा धप्प आवाज जातो म्हणे. (एक वाचक)

उत्तर: आवाज हवेतून कमी आणि फरशीतून जास्त जातो. रिगचे पाय थेट फरशीवर असतील तर खाली जाड रबरी पॅड घाला, मशीनखाली घालतात ते, आणि त्याच्याखाली जुना गालिचा. ब्रेक शेवटी कडक आपटत असेल तर तिथला रबर बदला. आणि काकूंना एकदा वर बोलवून रिग दाखवा, कुठल्या वेळी त्रास होतो ते त्यांनाच विचारा, रात्री दहानंतर लोड सेलचा दाब सेटिंगमधून कमी केला तरी पाय तेवढा आपटत नाही.