पिन तुटते ते बरंच आहे

प्रश्न : माझ्या छोट्या होडीला पाच अश्वशक्तीचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन आहे. उथळ पाणी आलं की अडकायच्या आत पार व्हावं म्हणून मी वेग वाढवतो आणि नेमका तेव्हाच पंखा तळाला लागतो. महिन्यात दोनदा पंख्याची पिन तुटली. मित्र म्हणतो, पितळेची काढ, स्टीलची घाल. घालू का? इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धारही हल्ली बारीक झाली आहे.

उत्तर : स्टीलची मुळीच नको. हा उद्योग मी करून बसलोय. जादा पिन घरी विसरलो होतो, म्हणून खिळा कापून ठोकला आणि काय घट्ट बसला म्हणून स्वतःवरच खूश झालो. अर्ध्या तासात पंखा पाण्याखालच्या ओंडक्यावर आपटला. खिळा शाबूत, आतल्या गिअरचे तीन दात गेले. वल्हवत परत यायला अंधार पडला. पिन मऊ ठेवतात ती मुद्दाम, धक्का गिअरपर्यंत पोचायच्या आत तिने तुटावं म्हणून. तुमच्या कंपनीने सांगितलेल्याच दोन जादा पिना आणि एक पक्कड होडीतच बांधून ठेवा. माझ्यासारखी घरी नको.

आता वेगाचं. थ्रॉटल पिळलात की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठते आणि मागची बाजू खाली बसते. पंखा मागेच असतो. म्हणजे पाणी कमी तिथेच तुम्ही तो आणखी खाली ढकलता! उथळ जागा यायच्या बऱ्याच आधी हळूहळू वेग उतरवा. ऐनवेळी एकदम थ्रॉटल सोडलात तर स्वतःचीच लाट मागून येऊन होडीचं ढुंगण वरखाली आदळवते. सोबत माणूस असेल तर त्याला पुढे बसवा, नांगर आणि पेट्रोलची टाकीही जमेल तेवढी पुढे सरकवा.

एक बांबू कायम जवळ ठेवा. संथ पाण्यात इंजिन पूर्ण खाली सोडून, नेहमीची माणसं बसवून, पाण्याच्या पातळीपासून पंख्याखालच्या पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. त्यात वीतभर मिळवून बांबूच्या खालच्या टोकापासून तेवढ्या उंचीवर लाल पट्टी मारा. बांबू तळाला टेकवल्यावर पट्टी पाण्याबाहेर दिसायला लागली की पुढे जायचं नाही, किंवा इंजिन उचलायचं.

उचलण्यासाठी तुमच्या इंजिनाला उथळ पाण्याचा खटका असेल. तो लावून अगदी चालीच्या वेगाने जा. मात्र इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी भोकं बुडालेली हवीत. आणि या अवस्थेत रिव्हर्स टाकू नका. रिव्हर्समध्ये इंजिन खाली धरून ठेवणारं कुलूप तेव्हा लागत नाही, इंजिन उसळून वर येतं. इंजिन पूर्ण खाली असताना उलटं घडतं. पुढे जाताना ठोकर बसली तर इंजिनाचा पाण्यातला भाग निदान वर उडतो, पण रिव्हर्समध्ये कुलूप त्याला खालीच धरतं आणि सगळा मार पंख्यावर बसतो. म्हणून रुतलात तर इंजिन बंद करा, वर उचला, बांबूने रेटून आलात त्याच वाटेने मागे जा. पाय टेकत असतील आणि तळ कडक असेल तर उतरून ढकला. माणूस उतरला की होडी लगेच थोडी वर येते.

बारीक धारेचीच मला जास्त काळजी वाटते. पिन तुटल्याचं लगेच कळतं. वाळू मात्र इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी इम्पेलरची (फिरत्या चाकाची) पाती गुपचूप झिजवत राहते. आधी धारेच्या भोकात बारीक तार घालून बघा, कधीकधी तिथेच कण अडकलेला असतो. पाणी ओढायच्या भोकांवर शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी नाही ना, तेही पाहा. तरी धार सुधारली नाही तर इम्पेलर बदलून घ्या, तोवर इंजिन चालवू नका. पुढे दर वाळूच्या फेरीनंतर पिंपात गोडं पाणी भरून, न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालवा.

प्रश्न : माझं इंजिन २५ अश्वशक्तीचं. वेगात बोट पाण्यावर उठते तेव्हा कमी पाण्यातूनही निघते, मग तशीच काढावी ना? परवा वाळूला घासली, तेव्हापासून इंजिन ओरडतं, बोट मात्र जोर धरत नाही.

उत्तर : उठलेली बोट कमी पाणी घेते हे खरं. पण मध्येच कुणी आडवं आलं आणि थांबावं लागलं, तर ती खाली बसते आणि पुन्हा उठताना आधी मागून आणखी दबते. तेवढं पाणी तिथे नसतं. मी तरी तसं जात नाही.

पंख्याच्या मध्यभागी, दांडा आणि पंखा यांना जोडणारा रबरी बूश असतो, तो सुटला असावा. आतल्या दांड्यापासून बाहेरच्या पंख्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि थोडं चालवून बघा. रेघ तुटून दोन्हीकडे सरकली तर बूश गेला. तोवर घरी यायचं तर अगदी कमी थ्रॉटलवर या. घासलंच आहे तर गिअर ऑइलही थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय.