कीबोर्ड सर्व्हिसला देताय? ‘राईट’ केलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही

तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुमच्या कॉर्ग क्रोम कीबोर्डच्या काही पट्ट्या अडकतायत, गणपतीच्या आत दुरुस्त होऊन हवाय. कॉम्बी (अनेक आवाज एकत्र जुळवून केलेल्या रचना) सगळे राईट केलेले, म्हणजे कीबोर्डच्या मेमरीत साठवलेले आहेत, तर वेगळा बॅकअप कशाला, असं तुम्ही विचारलंय. शिवाय सिक्वेन्सरमधली (कीबोर्डमधल्या रेकॉर्डरमधली) गाणी कीबोर्ड बंद केला की उडतात, हा बिघाड आहे का, हेही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. बिघाड नाही. क्रोम असो की कॉर्गचाच जुना ट्रायटन, सिक्वेन्सरमधलं गाणं बंद केल्यावर राहतच नाही. कीबोर्डच्या मीडिया मोडमध्ये जाऊन सेव्ह ऑल करा, म्हणजे पीसीजी (आवाज आणि कॉम्बी) आणि एसएनजी (गाणी) दोन्ही फाईली एसडी कार्डावर जातील. कार्डाची लॉकची खिट्टी, मेमरी प्रोटेक्ट (मेमरीत बदल होऊ न देणारं सेटिंग) वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

आता सर्व्हिसचं. कुणाचं नाव घेत नाही, आणि सगळीकडे असंच होतं असा माझा दावा नाही. माझा फ्लॉपीवाला ट्रायटन होता. पट्ट्यांखालचे रबर काँटॅक्ट गेले म्हणून मुंबईतल्याच एका ठिकाणी दिला. काउंटरवर सांगितलं गेलं, ‘डेटाची फ्लॉपी असेल तर सोबत ठेवा, लागली तर आम्हीच लोड करून देऊ.’ त्यांच्या सांगण्यावरून ठेवली. कीबोर्ड परत आला तेव्हा पट्ट्या उत्तम चालत होत्या, पण आत सगळे कंपनीचे मूळ आवाज. फ्लॉपी घातली तर यादी रिकामी. ड्राईव्ह चालतो का हे बघायला त्यांनी माझीच फ्लॉपी फॉरमॅट केली होती! विचारायला गेलो तर जॉब कार्डाच्या (दुरुस्तीच्या कागदाच्या) मागच्या बाजूला बोट दाखवलं. बारीक अक्षरांत छापलं होतं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची. रबर बदलायला मेमरीला हात लावायची गरज नसते, आणि लावायचाच असेल तर आधी एक फोन करता येतो. माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. वादकाची वर्षांची मेहनत तिथे होती.

काय गेलं ते सांगतो, म्हणजे ‘टोन परत बनवता येतात’ म्हणणाऱ्यांना कळेल. लावणीसाठी एक कॉम्बी होता. डाव्या हाताखाली ढोलकीचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज), मधे हार्मोनियम, वरच्या दोन सप्तकांत क्लॅरिनेट. क्लॅरिनेटचे दोन टिंबर (कॉम्बीतले वेगवेगळे आवाज) लावले होते, हळू वाजवलं तर साधा सूर, बोट जोरात पडलं तरच फुंकर असलेला. तो बदल नेमका किती जोराला व्हावा, हे रंगमंचावर वाजवून वाजवून जुळलेलं असतं. ते आकडे कुणाला पाठ नसतात.

एका वादकमित्राकडे माझ्या पीसीजीची जुनी प्रत निघाली, म्हणून अर्धं वाचलं. तिथेही एक खाच होती, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कॉम्बीमध्ये आवाज साठवलेला नसतो. अमुक बँकेतला (गटातला) अमुक नंबरचा प्रोग्राम, म्हणजे सुटा आवाज, वाजव, एवढाच निरोप असतो. मित्राने प्रोग्राम आपलेच ठेवून माझी फक्त कॉम्बीची बँक उचलली होती. त्यामुळे नाव माझं, स्प्लिट (पट्ट्यांची वाटणी) माझे, पण क्लॅरिनेटच्या जागी ब्रास. म्हणून सुटी बँक नाही, कायम पूर्ण पीसीजी ठेवा. ट्रायटनवर सॅम्पल त्याहूनही वेगळे असतात. ते पीसीजीत येत नाहीत, केएससी (सॅम्पलची यादी ठेवणारी फाईल) आणि तिच्यासोबतच्या फाईली लागतात. क्रोमवर स्वतःचे सॅम्पल घेता येत नाहीत, त्यामुळे तुमची ती कटकट नाही.

तर माझं ठाम मत: राईट केलेलं कीबोर्डच्या पोटात असतं आणि कीबोर्ड दुसऱ्याच्या हातात जातोय. सेव्ह ऑल करा, कार्ड काढून घरी ठेवा, फाईली कॉम्प्युटरवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवा. ते ठिकाण दुसरं घर असेल तर उत्तम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावर कपाट असेल तर कीबोर्ड आणि कार्ड एकाच कपाटात नको.

फाईल उघडते का ते देण्याआधीच तपासा. नको असलेला एखादा कॉम्बी मुद्दाम बिघडवून राईट करा, मग कार्डावरून पीसीजी लोड करा. जुना कॉम्बी परत आला तर फाईल खरी. मित्राच्या क्रोमवर तपासणार असाल तर आधी त्याचा डेटा सेव्ह करून घ्या, कारण लोड करताच तुमचं त्याच्यावर चढतं. कुणी ‘इंडियन टोन’ म्हणून पाठवलेली पीसीजी थेट लोड करू नका, तेही याच कारणाने.

जॉब कार्डावर पुढच्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहा: ‘मेमरी रीसेट करू नये, गरज पडल्यास आधी फोन करावा.’ त्याखाली त्यांची सही घ्या, फोटो काढा. काउंटरवरचा माणूस ‘एवढं कशाला’ म्हणेल. म्हणू दे. कार्ड, पेनड्राईव्ह, काहीही सोबत देऊ नका. कार्डाचा स्लॉट तपासायला त्यांच्याकडे स्वतःचं कार्ड असलंच पाहिजे.

हे सगळं कॉर्गपुरतं धरा. यामाहा, रोलँडची रचना वेगळी आहे, त्यांचं मॅन्युअल बघा. कॉर्गचा जुना एम-वन वगैरे बाळगणाऱ्यांनी आतला सीआर २०३२ सेल लक्षात ठेवावा. तो संपला की राईट केलेलंही जातं.

आणखी एक, मंडपात वाजवणार आहात म्हणून. जनरेटरवर असताना राईट किंवा सेव्ह शक्यतो करू नका, मधेच वीज गेली तर फाईल अर्धवट राहते. छोटा यूपीएस घेऊन ठेवा. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या, त्याहून मोठं क्रोमला चालत नाही, आणि फॉरमॅट कॉम्प्युटरवर न करता कीबोर्डमध्येच करा.