घरच्या बॅटरीत ग्रिडची वीज : बंदी कोणाची आणि कशासाठी?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रेमॉन्ट येथे राहतो. २०२१ साली छतावर सौर पॅनेल बसवले आणि सोबत १३.५ युनिट क्षमतेची बॅटरी घेतली. बॅटरी फक्त पॅनेलच्या विजेवर भरते. ग्रिडमधून भरण्याची सोय ती बसवणाऱ्या कंपनीने बंद ठेवली आहे आणि कारण विचारल्यास ‘तसा नियम आहे’ एवढेच उत्तर मिळते. पावसाळी, ढगाळ हिवाळ्यात बॅटरी अर्धीसुद्धा भरत नाही, आणि मध्यरात्रीनंतर ग्रिडची वीज तर स्वस्त असते. ही बंदी नेमकी कोणाची आहे आणि ती उठू शकते का?

उत्तर : आपल्याला ज्याला ‘नियम’ म्हणून सांगितले गेले, त्यात दोन निराळे नियम एकत्र मिसळलेले आहेत. एक केंद्र सरकारच्या प्राप्तिकराचा आणि दुसरा राज्याच्या नेट मीटरिंगचा, म्हणजे घरची जादा सौरवीज ग्रिडला देऊन बिलात तिची वजावट मिळवण्याच्या योजनेचा. दोन्ही वेगळे केल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

प्राप्तिकराचा नियम थोडक्यात असा. घरगुती सौरयंत्रणेच्या खर्चावर मिळणारी करसवलत ही सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या साधनांसाठी होती. बॅटरी स्वतः वीज निर्माण करत नाही. त्यामुळे तिला सवलत मिळण्यासाठी ती पूर्णपणे, म्हणजे शंभर टक्के, सौरविजेवर भरली पाहिजे, अशी भूमिका अमेरिकी प्राप्तिकर खात्याने २०१८ साली एका करदात्याला दिलेल्या लेखी निर्णयात घेतली. (७५ टक्क्यांची जी मर्यादा अनेकांच्या बोलण्यात येते, ती व्यावसायिक प्रकल्पांसाठीची होती, घरांना ती लागू नव्हती.) ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने हे चित्र बदलले. १ जानेवारी २०२३ पासून किमान ३ युनिट क्षमतेच्या घरगुती बॅटरीला, ती कशावर भरते हे न पाहता, ३० टक्के सवलत मिळू लागली. पुढे जुलै २०२५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी ही घरगुती सवलतच संपवली. आपली बॅटरी २०२१ ची, म्हणजे जुन्या अटीखालची आहे. आपण तिच्यावर सवलत घेतली असल्यास जोडणीत कोणताही बदल करण्यापूर्वी आपल्या करसल्लागाराचे मत लेखी घ्यावे.

नेट मीटरिंगचा नियम अधिक महत्त्वाचा आहे आणि तो आजही आपल्याला लागू असण्याचा संभव मोठा आहे. एप्रिल २०२३ च्या मध्यापर्यंत अर्ज केलेल्या कॅलिफोर्नियातील घरांना ‘नेट मीटरिंग २.०’ या योजनेचा लाभ वीस वर्षांसाठी मिळाला आहे. या योजनेत आपण ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटचे मोल त्या तासाच्या किरकोळ दराच्या जवळपास मिळते. आता उदाहरणादाखल आपल्या भागातील विद्युत वाहनधारकांसाठीचा दर पाहा. मध्यरात्र ते दुपारी ३ हा स्वस्त काळ आणि दुपारी ४ ते रात्री ९ हा सर्वांत महाग काळ. बॅटरी रात्री ग्रिडमधून भरून संध्याकाळी तीच वीज ग्रिडला परत दिली, तर मीटरला ती सौरवीजच वाटेल आणि सूर्याचा एक किरणही न वापरता सौरविजेचे मोल आपल्या खात्यात जमा होईल. त्या जमेचा भार ज्यांच्या घरावर पॅनेल नाहीत अशा ग्राहकांच्या बिलात जातो, आणि त्यांत भाड्याने राहणारी व कमी उत्पन्नाची कुटुंबे पुष्कळ आहेत. म्हणून मला हा नियम हेतूच्या दृष्टीने न्याय्य वाटतो.

परंतु नियमाचा हेतू जेवढा आहे, त्यापेक्षा बंदी मोठी घातली जाते, ही माझी खरी तक्रार आहे. ग्रिडमधून घेतलेली वीज सौरवीज म्हणून परत विकली जाऊ नये, इतकीच नियमाची अपेक्षा आहे. ती दोन प्रकारांनी पूर्ण होते. एक तर बॅटरी ग्रिडमधून भरूच नये. मग ती ग्रिडला वीज देऊ शकते. किंवा ती ग्रिडमधून भरावी, पण तिच्यातील वीज केवळ घरात वापरली जावी आणि बाहेर फक्त पॅनेलची थेट वीज जावी. हे नियंत्रण आज प्रमाणित सॉफ्टवेअरद्वारे होते आणि २०१९ पासून राज्याच्या नियामकांनी ते मान्यही केलेले आहे. बसवणाऱ्या कंपन्या सहसा पहिला पर्याय निवडतात, कारण तो कागदोपत्री सोपा असतो आणि करसवलतीची अटही त्याच फटक्यात पाळली जाते. ग्राहकाला मात्र दुसरा पर्याय असल्याचे कोणी सांगत नाही.

आपल्या वीज कंपनीने जोडणीला मंजुरी देताना जो करार केला, त्यात बॅटरीची कोणती पद्धत नोंदवली आहे ते प्रथम पाहावे. पद्धत बदलायची असल्यास बसवणाऱ्या कंपनीमार्फत वीज कंपनीकडे सुधारित अर्ज करावा लागेल. ॲपमध्ये ग्रिड चार्जिंगचे बटण दिसत असले, तरी कराराविरुद्ध जाऊन ते स्वतःहून चालू करू नये.

फायद्याचा हिशेबही आधी करावा. समजा, रात्रीचा दर ३० सेंट आणि संध्याकाळचा ६० सेंट आहे. बॅटरीत भरलेल्या १० युनिटांपैकी सुमारे ९ परत मिळतात. ३ डॉलरची वीज भरून ५ डॉलर ४० सेंटची खरेदी टळते, म्हणजे दिवसाला २ डॉलर ४० सेंट वाचतात. मात्र हिवाळ्यात, म्हणजे आपल्याला ज्या महिन्यांत याची गरज भासते नेमक्या त्याच महिन्यांत, स्वस्त आणि महाग दरांतील अंतर कमी होते. वीज जाण्याची चिंता हे आपले मुख्य कारण असेल, तर प्रश्न वेगळा आहे. काही बॅटऱ्या, उदाहरणार्थ टेस्लाची पॉवरवॉल, वादळाचा इशारा मिळताच ग्रिडमधून आपोआप भरून घेतात. ही सोय आपल्या यंत्रणेत चालू आहे का, ते पाहून घ्यावे. कदाचित तेवढ्यानेच काम भागेल.

प्रश्न : मी म्युनिकला असतो. येथे बॅटरी ग्रिडमधून भरली तर सौरविजेचा हमीदर जातो असे ऐकतो, आणि ४.२ किलोवॅटची काही मर्यादाही आहे म्हणतात. दोन्हींचा संबंध काय?

उत्तर : दोन्ही नियम एकाच बॅटरीला लागू होऊ शकतात, परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत. हमीदर, म्हणजे ग्रिडला दिलेल्या विजेसाठी मिळणारा ठरलेला दर, केवळ अक्षय स्रोतांच्या विजेला आहे. ग्रिडची वीज बॅटरीत मिसळली की बाहेर जाणाऱ्या विजेचे मूळ सांगता येत नाही, आणि म्हणून तिला दर नाकारला जातो. तत्त्व कॅलिफोर्नियातलेच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या जर्मन कायद्याने मिश्र वापरासाठी मार्ग मोकळा करण्यास सुरुवात केली आहे; मोजणी करून सौर हिस्सा वेगळा काढण्याचा पर्याय त्यात आहे, आणि लहान यंत्रणांसाठी मोजणीऐवजी ठरावीक प्रमाण धरण्याच्या पद्धतीचाही.

४.२ किलोवॅटची मर्यादा मात्र पैशांची नसून तारांच्या क्षमतेची आहे. १ जानेवारी २०२४ पासून नव्याने जोडलेल्या, ग्रिडमधून ४.२ किलोवॅटपेक्षा अधिक वीज ओढू शकणाऱ्या बॅटऱ्या, हीट पंप आणि वाहनांचे चार्जर यांचा वापर स्थानिक वितरण कंपनी ताण आल्यास काही वेळ कमी करू शकते, पण पूर्ण तोडू शकत नाही, ४.२ किलोवॅट तरी द्यावेच लागतात. घरातील दिवे, चूल, फ्रिज यांना यातून हात लागत नाही. मोबदल्यात ग्रिड शुल्कात सूट मिळते, ती आपल्या बिलात दिसते का हे अवश्य तपासावे.

प्रश्न : नाशिकमध्ये छतावर ३ किलोवॅटचे सोलर बसवत आहोत. हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्हींशी जोडला जाणारा) आणि बॅटरी घेऊन ती रात्री ग्रिडवर भरावी, असे परदेशातील मुलगा सुचवतो. योग्य ठरेल का?

उत्तर : बिल कमी करण्यासाठी घेत असाल, तर नाही. मुलगा राहतो तेथे रात्रीची वीज स्वस्त असेल. महाराष्ट्रात महावितरणने १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार विजेचा वापर वेगळा मोजणारे मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली, म्हणजे आपल्याकडे सवलत उन्हाच्या वेळेत आहे. रात्री ग्रिडवर बॅटरी भरल्याने दहातले एखादे युनिट केवळ वाया जाईल. शिवाय पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही.

वारंवार वीज जात असेल, तर बॅटरीला अर्थ आहे, कारण बॅटरी नसलेले ग्रिडवरचे सोलर वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडते. अशा वेळी पंखे, दिवे आणि फ्रिज चालतील एवढीच बॅटरी घ्यावी, ती शक्यतो उन्हावर भरावी, आणि बॅटरीतील वीज ग्रिडमध्ये जाणार नाही अशी सेटिंग करून घेऊन तसे बसवणाऱ्याकडून लेखी घ्यावे. नेट मीटरच्या अर्जात हायब्रिड इन्व्हर्टरचा उल्लेख सुरुवातीलाच करावा. मीटर बसल्यावर यंत्रणा बदलायची म्हटली, की अर्ज आणि तपासणी पुन्हा करावी लागू शकते.