पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. जीवशास्त्राचा धडा मी तीन-चार वेळा वाचते, महत्त्वाच्या ओळी रंगवते आणि त्या रात्री सगळे येते असे वाटते. पण आठ-दहा दिवसांनी चाचणीला बसले की व्याख्या अर्धवट आठवतात आणि आकृत्यांचा क्रम चुकतो. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?
— एक विद्यार्थिनी, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रावरून तसे मुळीच वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या वाचनात ओळी ओळखीच्या वाटू लागतात आणि ती ओळख म्हणजेच पाठांतर असा आपला समज होतो. परीक्षेत मात्र ओळ समोर नसते, ती आठवून लिहावी लागते, आणि नेमका त्याच कामाचा सराव राहून गेलेला असतो.

रोएडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत केवळ वाचला. इतरांनी तो पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. विशेष म्हणजे आपल्याला पुढे जास्त आठवेल, अशी खात्री नुसते वाचणाऱ्यांनाच अधिक होती. तुमचा 'त्या रात्री'चा अनुभव याहून वेगळा नाही.

म्हणून धडा एकदा नीट समजून वाचा आणि पुस्तक मिटा. समजा, सूत्री विभाजन शिकत आहात. कोऱ्या कागदावर चार वर्तुळे काढा आणि प्रत्येकात गुणसूत्रे कुठे आहेत ते आठवून दाखवा : पूर्वावस्थेत ती आखूड व जाड होऊन दिसू लागतात, मध्यावस्थेत पेशीच्या मध्यावर ओळीने लागतात, पश्चावस्थेत त्यांचे दोन भाग विरुद्ध ध्रुवांकडे ओढले जातात आणि अंत्यावस्थेत दोन केंद्रके तयार होतात. एखादे वर्तुळ रिकामे राहिले तर लगेच पुस्तक उघडू नका. मिनिटभर ताण द्या, सुचेल ते लिहा आणि मगच ताडून पाहून चूक वेगळ्या शाईने दुरुस्त करा. हे काम वाचनापेक्षा कष्टाचे वाटते आणि सुरुवातीला निराशाही करते, पण उपयोग होतो तो याच कष्टाचा. ओळी रंगवण्यातून याच्या तुलनेत फारच थोडे हाती लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा भाग वेळेचा. मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले त्याच, म्हणजे १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विस्मरणाचा पहिला पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून त्याने दाखवून दिले, की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावतो. त्यामुळे एकाच रात्री चार तास बसण्यापेक्षा तोच वेळ वाटून घ्या : तीच चार वर्तुळे दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने कोऱ्या कागदावर काढा. परीक्षा जितकी लांब, तितके दोन उजळण्यांमधले अंतर मोठे ठेवले तरी चालते.

व्याख्यांसाठी चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करा आणि एका बाजूला संज्ञा, दुसऱ्या बाजूला अर्थ अशी कार्डे त्यात ठेवा. आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि ते कमी वेळा पाहायचे. चुकलेले पहिल्या कप्प्यात परत येते आणि रोज पाहायचे. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली ही पद्धत लोकांपुढे मांडली आणि आजची अनेक उजळणीची अ‍ॅप्स याच तत्त्वावर चालतात.

आपल्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत होती. अर्थ न कळता घोकण्याचे समर्थन मी करणार नाही. पण परवचा म्हणताना पुस्तक समोर नसे आणि तो रोज होई, या दोन गोष्टी आपण पाठांतराबरोबरच टाकून दिल्या याची मला खंत वाटते.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. स्मरणशक्ती वाढवण्याच्या एका वर्गाची फी बरीच आहे, पण तिथे शिकवतात त्या युक्त्यांनी सगळे विषय सोपे होतात असे सांगितले जाते. त्याला पाठवावे का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : युक्त्या खऱ्या आहेत, 'सगळे विषय' हा दावा खरा नाही. ज्या माहितीत आतून काही संगती नसते, केवळ क्रम असतो, तिथे युक्ती उत्तम चालते. 'तानापिहिनिपाजा' या अक्षरांवरून इंद्रधनुष्याचे रंग तुम्हालाही आजवर आठवत असतील.

ठिकाणांना माहिती जोडण्याची युक्ती तर प्राचीन ग्रीक-रोमन वक्ते वापरत, आणि ती तुम्हाला घरीच शिकवता येईल. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्थानके मुलाला ओळीने पाठ असतील. त्यांवर १८५७ चा उठाव, १८८५ ची राष्ट्रीय सभेची स्थापना, १९०५ ची बंगालची फाळणी, १९१९ चे जालियनवाला बाग हत्याकांड, १९३० चा मिठाचा सत्याग्रह आणि १९४२ चे छोडो भारत आंदोलन क्रमाने बसवायला सांगा. घणसोलीच्या फलाटावर मिठाचे ढीग पडले आहेत आणि त्यांतून वाट काढत गाडीत चढावे लागते आहे, असे चित्र त्याने स्वतः रचले तर ते पक्के बसते; तुम्ही रचून दिलेले चित्र तितके टिकत नाही.

मात्र फाळणीला लोकांनी विरोध का केला किंवा मिठावरचा कर गरिबाला का जाचत होता, हे कोणतीही युक्ती सांगणार नाही. ते समजून घेऊन आपल्या शब्दांत कोणाला तरी सांगावे लागते, आणि त्यासाठी जेवताना तुम्ही विचारलेला एक प्रश्न पुरेसा आहे. वर्गाची फी तूर्त भरू नये, असा माझा सल्ला आहे.

प्रश्न : परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करावा का?
— एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : करू नये. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, आणि जागरणाने दुसऱ्या दिवशी लक्षही लागत नाही. संध्याकाळी फक्त वारंवार चुकणारी कार्डे एकदा पाहा आणि नेहमीच्या वेळी झोपा.